केळव्याचं पान, ब्रिटनचं मत

ज्या माणसाला कालवणात मीठ जास्त झालं की कमी, हे बायकोच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं, त्यानं ब्रिटननं युरोपात राहावं की निघावं यावर बोलू नये. पण हे आमच्या यांना सांगणार कोण? मी सांगितलं. एकदा नाही, दिवसातून तीनदा, डॉक्टरनं लिहून दिल्यासारखं. गुण काही आला नाही.

यांचं नाव कमलाकांत. आमच्या गावात, दातिवऱ्यात, सगळे कमळूदादा म्हणतात. समुद्रावर माणूस एकदम शहाणा. वारा कुठून फिरणार, जाळं कधी उचलायचं, सगळं बरोबर सांगतो. पण एक जूनला मासेमारी बंद झाली की दोन महिने समुद्रात जायचं नसतं, आणि तेवढे दोन महिने यांची अक्कलही होडीबरोबर किनाऱ्यावर पडून राहते. मी तिसरी शिकलेली बाई. पण चाळीस वर्षं पालघरच्या बाजारात मासळी विकली, तेव्हा माणूस कधी बिघडतो ते मला डोळे बघून कळतं, पापलेटासारखंच.

ही गोष्ट दोन हजार सोळा सालची. झालं असं की डिशचं पॅक संपलं. मराठी चॅनलं सगळी काळी पडली आणि इंग्रजी बातम्यांचं एक तेवढं फुकटात चालू राहिलं. दुसरा कुणी असता तर टीव्ही बंद करून जाळं शिवायला बसला असता. हे रिमोट घेऊन समोर बसले. मोठा हॉल, माणसंच माणसं, मध्ये उभं राहून तीन जण इकडचे आणि तीन जण तिकडचे, तावातावानं बोलतायत.

"रिद्धी, अगं बघ ना, हे कशावरून भांडतायत?"

रिद्धी आमची नात. पालघरच्या कॉलेजात बारावीला. तिचं इंग्रजी चांगलं, म्हणूनच पुढची सगळी भानगड झाली. ती म्हणाली, "आजोबा, ब्रिटननं युरोपात राहायचं की बाहेर निघायचं, त्यावर मतदान हाय. त्याची चर्चा चाललीय."

"निघायचं म्हंजे? बेट हाय ना ते? सरकणार कुठं?"

"तसं नाय हो. युरोपातल्या देशांची सोसायटी हाय एक. तिच्यातून नाव काढायचं."

सोसायटी म्हटल्यावर यांना कळलं. आमच्याकडे मच्छीमारांची सोसायटी आहे, बर्फ आणि डिझेल तिच्याकडूनच येतं. तिच्या मिटिंगला एक जण बोलायला उठला की बाकीचे चौदा जण त्याला बसवायला उठतात. इथं टीव्हीवर एक बोलत होता तेव्हा दुसरा गप उभा राहून पाणी पीत होता. यांना त्याचंच इतकं कौतुक वाटलं की जेवायला हाक मारली तर मलाच गप बसायची खूण केली. मीही ताट घेऊन दोन मिनिटं उभी राहिले, खोटं कशाला बोलू. त्यांच्यात एक बाई होती, तिचा हात आणि तोंड असं काही चालत होतं, की तिला माझ्याशेजारी बाजारात बसवली असती तर दोन तासांत माझं गिऱ्हाईक पळवलं असतं.

मग मासळीची गोष्ट निघाली. रिद्धी म्हणाली, "तिकडचे कोळी म्हणतायत, आपल्या समुद्रात दुसऱ्या देशांच्या बोटी येतात, आणि आपण किती मासे धरायचे ते पण दुसरेच ठरवतात."

हे ताडकन उभे राहिले. आमच्या जाळ्यांचे खुंट समुद्रात ठोकलेले असतात, पिढ्यान्‌पिढ्या ज्याची त्याची जागा ठरलेली. त्या जागेत दुसऱ्या गावचे लोक येऊन खुंट ठोकतात, यावरून यांचं अर्धं आयुष्य भांडणात गेलेलं. टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, "निघा! आजच्या आज निघा! थांबताव कशाला?"

तिकडून कुणी 'बरं' म्हणालं नाही. पण शेजारून आवाज आला, "का निघायचं? राहू दे की!"

तो आवाज भिकाचा. भिका माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्धी चड्डी घालून माझ्या मागे मागे फिरायचा, आता पन्नाशीचा झालाय. दोघा भावांची घरं अंगणाला अंगण लागून, आणि होडी एक, दोघांच्या अर्ध्या अर्ध्या हिश्श्याची. माझ्या सासूनं हातातल्या पाटल्या मोडून घेतलेली. भिकाचा मुलगा रूपेश बोईसरच्या कारखान्यात आहे, तिथं औषधाची पावडर बनते आणि ती युरोपात जाते. तिकडे मोडतोड झाली तर पोराच्या नोकरीचं काय, ही भिकाची काळजी. काळजी खरीच होती. पण भाऊ ऐकेल तर ना.

"तुझ्या पावडरीसाठी त्यांनी समुद्र सोडायचा काय?"

"आणि तुझ्या खुंटासाठी माझ्या पोरानं घरी बसायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत गाव जमायला लागलं. बंदीचे दिवस, कुणाला उद्योग नाही. निघावाले डावीकडे, राहावाले उजवीकडे, मध्ये रिद्धी तोंडी मराठी करत बसलेली. पहिले दोन दिवस मलाही गंमत वाटली. मग एकेक लक्षात यायला लागलं. फाटलेलं जाळं शिवायला दोघं लागतात, एकानं ताणून धरायचं, दुसऱ्यानं शिवायचं. तर राहावाल्यानं धरलेलं जाळं निघावाला शिवेना. गावात अर्धी जाळी फाटकीच पडून. एस्टीत कुणाशेजारी बसायचं ते आधी विचारून मग बसायचं. दिग्विजय म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी आहे, तो राहावाला. त्याच्या हातून बर्फाची पावती घ्यायला निघावाले तयार नाहीत. बंदीत बर्फ लागतो कुणाला, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वाडीत कामाला येणारी भागी, तिनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, निघा बोललं तर रेशनकार्डावरचं नाव ऱ्हाईल ना?"

हे सगळं मी सोसलं असतं. पण होडी अजून खाली वाळूवरच होती.

बाकीच्यांच्या होड्या मे संपायच्या आत वर ओढून, शाकारून झाल्या होत्या. आमची मागे राहिली, कारण आधी इंजिनाचा मिस्त्री आला नाही, मग एक फळी बदलायची निघाली, आणि फळी बदलून झाली तेव्हा ब्रिटन आलं. "आज चर्चा हाय, उद्या ओढू." उद्या परत चर्चा. पुनवेनंतरचं उधाण जवळ आलेलं. उधाणाचं पाणी होडीखाली घुसलं की होडी आपटून आपटून फुटते, मग ऑगस्टमध्ये आम्ही समुद्रात जायचं ते पाटावर बसून?

आता होडी ओढायची आमची रीत सांगते. एवढी मोठी होडी दोन घरांच्यानं हलत नाही, पन्नास-साठ माणूस लागतो. त्यासाठी मालकानं विड्याची पानं घेऊन स्वतः घरोघरी जायचं आणि एकेका घरात एकेक पान द्यायचं. बोलायचं काही नाही. ज्यानं मालकाच्या हातून पान घेतलं त्यानं खांदा द्यायला यायचंच, मग घरात लग्न असो की ताप. पान घेऊन न आलेला माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो वाटेत पाय मोडला म्हणून. आणि मालक दोन असले तर दोघांनी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, पहिला खांदा लावायचा, मगच बाकीच्यांनी दोराला हात घालायचा.

मंगळवारी मी स्वतः केळव्याला जाऊन वाडीतून शंभर पानं आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली आणि यांना सांगितलं, "उद्या सकाळी फिरा."

"राहावाल्यांच्या दारात मी जाणार नाय."

"दार त्यांचं हाय, ब्रिटनचं नाय."

"माझी तत्त्वं हायेत."

हा शब्द यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारला. रिद्धीनं शिकवला असणार. मी भिकाकडे गेले तर तो म्हणे, दादानं आधी माफी मागावी. मग दोघं अंगणात समोरासमोर आले आणि आवाज चढले. शेवटी भिका म्हणाला, "तुला निघणं एवढं आवडतं ना? मग मीच निघतो. होडीतला माझा अर्धा हिस्सा वेगळा कर."

हे हसले. "अर्धी होडी कशी वेगळी करणार रे?"

"घरात करवत हाय."

यांचं हसू तिथंच थांबलं. त्या दिवशी जेवताना यांनी कालवणाला नाव ठेवलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, काटा आत लागलाय. गंमत बघा, निघा निघा करत फिरणाऱ्या माणसाला भाऊ निघतो म्हटल्यावर घास उतरेना, आणि राहा राहा म्हणणारा करवतीला तेल लावत बसलेला.

बुधवारच्या भरतीनं होडीखालची वाळू खाल्ली आणि होडी एका अंगावर कलली. वाऱ्यानंही जोर धरला होता. गुरुवारी दुपारी दोनची भरती त्याच्याहून मोठी येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

गुरुवारी सकाळी मी सुकट घेऊन बोईसरला गेले होते, तिकडच्या कामगारांच्या वस्तीत माझी ठरलेली घरं आहेत. अर्धा जीव होडीत, म्हणून निम्मी टोपली तशीच घेऊन दहाच्या एस्टीनं परत फिरले. अंगणात येते तर चपलांचा खच. साठेक जोड तरी असतील. मला वाटलं, काय झालं घरात? आत वाकून बघते तर हे खुर्चीवर बसून शेवटच्या दोघा-तिघांना पानं वाटतायत.

माझी पानं. केळव्याची.

"हे काय चाललंय?"

रिद्धी पळत आली. "आजी, आज तिकडं मतदान हाय ना, म्हणून इथं पण घेतलं! कागद वाया नको म्हणून आजोबांनी पानं काढली. राहा म्हणणाऱ्यानं पान देठासकट टाकायचं, निघा म्हणणाऱ्यानं देठ खुडून. गुप्त मतदान हाय, टोपलीवर फडकं टाकलंय."

टोपलीही माझीच, पापलेटाची. आणि एकाला दोनदा मत देता येऊ नये म्हणून रिद्धीनं प्रत्येकाच्या बोटाला खूण केली होती. शाई नव्हती, म्हणून नेलपेंट. गुलाबी. साठ दर्यावर्दी पुरुष एकेक गुलाबी नख घेऊन माझ्या पडवीत मांडी घालून बसले होते, टीव्हीवर परवाच्या मोठ्या चर्चेचं पुन्हा चाललेलं, आणि खाली किनाऱ्यावर माझी होडी एका अंगावर पडलेली.

माझं डोकं असं फिरलं की तोंडातून शब्द फुटेना. ही गोष्ट आमच्या घरात नवीन होती, त्यामुळे सगळे घाबरले.

तेवढ्यात शेवटचं मत पडायचं राहिलं होतं ते हे टाकायला उठले. मालक म्हणून सगळ्यांच्या मागून. लोकांकडे पाठ केली आणि फडक्याखाली हात घातला. माझ्याकडे पाठ नव्हती. मी दारातून सगळं बघितलं, आणि जे बघितलं ते तेव्हा बोलले नाही.

बोलले ते दुसरंच. कारण त्याच वेळी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी आत जाऊन टीव्ही बंद केला.

"काकी, अवो निकाल—" बबलू ओरडला. बबलू आमच्या आळीतला तरणा पोरगा, निघावाल्यांत सगळ्यांत मोठा आवाज त्याचा.

"थांब. आधी मला सांगा, पान कुणाकुणाला मिळालं?"

सगळ्यांनी हात वर केले. गुलाबी नखं चमकली.

"कुणाच्या हातून घेतलंत?"

"कमळूदादाच्या."

"हा माणूस कोण?"

"कोण म्हंजे? कमळूदादा."

"होडीचा मालक हाय की नाय?"

पहिल्यांदा झिपरूआजाच्या लक्षात आलं. आजा ऐंशीच्या पुढचा, गावात सगळ्यांत जुना. त्यानं आपल्या नखाकडे बघितलं, मग खालच्या किनाऱ्याकडे बघितलं आणि काठी शोधायला लागला. "चला रे. पान घेतलंय आपण."

"पण आजा, ते ब्रिटनचं पान होतं!" बबलू म्हणाला.

"पान केळव्याचं होतं!" मी म्हणाले. "माझ्या एस्टीच्या तिकिटानं आलेलं. ब्रिटनचं हवं होतं तर तिकडं जाऊन आणायचं. आता सांग, येतोस, की पाय धड असून पान घेऊन न आलेला दातिवऱ्यातला पहिला म्हणून तुझं नाव सांगू पोरांना?"

बबलूनं चप्पल शोधली. राहावाले उठले, निघावाले उठले. सगळ्यांत मागे हे, उघड्या तोंडाचे. त्यांना आपण काय केलं ते अजून नीट कळलं नव्हतं.

किनाऱ्यावर दोर लागले, खाली गोल लाकडं सरकवली, लाकडांना तेल लावलं. पाणी वाळूवरून पुढे पुढे यायला लागलं होतं. हे नाळेला खांदा लावून उभे. दुसरा खांदा नाही. भिका मतदानाला आलाच नव्हता, भावाच्या हातून पान घेणार नाही म्हणून घरात बसलेला. झिपरूआजा काठी वाळूत रोवून म्हणाला, "दुसरा मालक आल्याशिवाय दोराला हात लागायचा नाय. रीत ती रीत."

हे माझ्याकडे बघत होते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला कधी 'जा' म्हणून विनवलं नाही. तोंडानं तेव्हाही नाहीच विनवलं.

मी घरी आले, टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि सगळ्यांत वरचं पान उचलून भिकाच्या दारात गेले. माझी जाऊ अर्चना उंबऱ्यात उभी, रडून डोळे लाल. भिका आत करवत मांडीवर घेऊन बसला होता.

"वयनी, मी पान घेणार नाय."

"घेऊ नको. नुसतं बघ. हे तुझ्या भावाचं मत हाय. शेवटचं पडलं, म्हणून सगळ्यांच्या वर होतं. मी माझ्या डोळ्यांनी पडताना बघितलंय."

त्यानं मान वाकडी करून बघितलं. पान देठासकट होतं.

भिकानं देठाला बोट लावून बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे ब्रिटननं राहावं असं वाटतं की काय दादाला?"

"ब्रिटनचं मला ठाऊक नाय. तू राहावास असं वाटतं."

"मग तोंडानं का बोलत नाय?"

"तोंड टीव्हीला दिलंय त्यानं. हात तेवढा घरचा राहिला."

अर्चनानं पुढे होऊन नवऱ्याच्या मांडीवरची करवत उचलली आणि पलंगाखाली ढकलली. भिकानं माझ्या हातातून पान घेतलं, शर्टाला पुसलं आणि खिशात घालून माझ्याही पुढे चालायला लागला.

त्यानं नाळेला खांदा लावला तेव्हा दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. पण दोघांनी जोर एकाच वेळी लावला.

मग जे झालं ते दातिवऱ्यानं कधी बघितलं नव्हतं. दोर दोन. डावा दोर निघावाल्यांनी धरला, उजवा राहावाल्यांनी. एका दोरानं जास्त ओढलं की होडी तिरकी होते, म्हणून दुसऱ्यानं लगेच जोर वाढवायचा. दर वर्षी एक जण आरोळी देतो आणि बाकीचे त्याच्या तालावर ओढतात. या वर्षी बबलूच्या दोरानं "निघाऽ!" म्हणून हिसका दिला की दिग्विजयच्या दोरानं "राहाऽ!" म्हणून दिलाच. निघाऽ! राहाऽ! निघाऽ! राहाऽ! असा ताल बसला की होडी सुरकन वर. दर वर्षी माडांपर्यंत यायला तीन तास लागतात, या वर्षी पाऊण तासात माड आले.

"बास!" मी ओरडले. "थांबा!"

कोण थांबतो! आधी थांबला तो हरला. होडी माडांमधून गेली, रस्ता ओलांडला, आमच्या अंगणात शिरली. झिपरूआजा काठी वर करून मागून ओरडत येतोय, कोंबड्या उडाल्या, तुळशीला मी स्वतः आडवी उभी राहिले म्हणून ती वाचली. शेवटी नाळ आमच्या घराच्या पुढच्या दाराला जाऊन टेकली, तेव्हा दोन्ही दोर एकदम सुटले आणि साठ माणसं अंगणात बसकण मारून हसायला लागली. राहावाला निघावाल्याच्या पाठीला पाठ टेकून.

दोन वाजता भरती आली. सकाळी होडी होती तिथं पुरुषभर पाणी उसळत होतं, आणि माडांच्या बुंध्यांपर्यंत फेस आला. मी तिथं उभी राहून बघितलं आणि नकळत हात जोडले गेले. कुणाला जोडले ते सांगता येणार नाही. समुद्राला जोडले, गावाला जोडले, आणि तिकडच्या त्या सहा भांडखोर माणसांनाही जोडले. ती इतकी रंगून भांडली नसती तर माझ्या पडवीत त्या दिवशी साठ खांदे कुठून आले असते?

साठ माणसांना चहा पुरला नाही. मग मी टोपली काढली, चुना, कात, सुपारी घेतली आणि त्याच पानांचे विडे करून वाटले. रिद्धी रडकुंडीला आली. "आजी, मतमोजणी राहिली!" तोवर मतं सगळ्यांच्या गालात होती. गावाचा कौल काय होता ते आजवर कुणालाही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडचा निकाल लागला. ब्रिटन निघालं. निघावाले नाचत आमच्या अंगणात आले, पण आत येता येईना, कारण दारात होडी. आता होडी ऑगस्टपर्यंत हलणार नव्हती, आणि आमच्या घरात यायचं तर भिकाच्या स्वयंपाकघरातून मागच्या दारानं. निघावाले, राहावाले, आम्ही सगळे पुढचा सव्वा महिना अर्चनाच्या चुलीशेजारून जाणार. आदल्या दिवसापासून मी तिच्याच घरातून ये-जा करत होते आणि दर खेपेला ती मला काहीतरी खायला देत होती.

हे टीव्हीसमोर बसले होते. जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. भिका आत आला. ओठ लाल, काल दिलेल्या पानाचा विडा त्यानं आज सकाळी खाल्लेला. रूपेशचा फोन येऊन गेला होता, कारखान्याचा भोंगा रोजच्या वेळेला वाजला आणि माल गाडीत चढला. भिका भावाशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "काय रे दादा, जिंकलास की हरलास?"

यांनी दचकून बघितलं. याला कसं कळलं? मग रिद्धीला विचारलं, "बाय, आता तरी मिटलं ना भांडण त्यांचं?"

"नाय आजोबा. आता कुठं सुरू झालंय."

मी भिकाच्या घरातून चहाचे कप घेऊन आत आले. दोघांच्या हातात दिले. मग यांच्यासमोर उभी राहिले, आणि पंधरा दिवस पोटात ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. पण बाहेर येताना ते जसं ठरवलं होतं तसं आलं नाही.

"अवो, पंधरा दिवस तुमी निघा निघा करून गाव डोक्यावर घेतलात. होडी बुडवायला निघालात, माझी पानं उधळलीत, साठ बाप्यांची नखं रंगवलीत. आणि मत टाकायची वेळ आली तेव्हा तुमचा अंगठा देठावर गेला आणि तिथंच थांबला. मी बघितलंय. गावाला खोटं बोललात, बरं केलंत. तो हात तुमचा नाय, तुमच्या आईचा हाय, जिनं पाटल्या मोडून दोघांना एक होडी दिली. पंचेचाळीस वर्षांत त्या बाईचं मी एकदा कौतुक केलं नाय. आज करते. पण बाहेर कुणाला सांगितलंत, तर होडी परत समुद्रात ढकलीन, तुमाला नाळेवर बसवून!"